हॉलंडचे भूपालअण्णा

आमच्या ऑफिसात इंटरनेट बंद पडलं की अजूनही सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. जिन्याच्या डाव्या हाताला एक चिंचोळी खोली आहे, पूर्वी तिथं चहाची भांडी विसळायचे. भूपालअण्णा निवृत्त झाल्यापासून तिथं एक चुणचुणीत पोरगी बसते. हुशार आहे, पण ती नुसती काम करते. अण्णा राउटरच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “बोल की रं, का मुकं झालंस?” आणि तो बोलायचा. थापेनं बोलायचा की अण्णांनी आधीच गुपचूप वायर नीट खोचलेली असायची, हे मला वीस वर्षांत कळलं नाही.

आमचं ऑफिस शाहूपुरीत. ओतकामाचे सुटे भाग परदेशी पाठवायचं काम, आणि त्या पाठवणीचे कागद मी बघते. माझं तोंड जरा तिखट आहे, माझ्या वाटेला सहसा कुणी जात नाही. अण्णा एकटेच मला “अक्का” म्हणून हाक मारायचे आणि मी खेकसले तरी हसायचे. अण्णा शिरोळचे, जैन. वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. अण्णा आमच्याकडं टेलिफोनवर बसायला म्हणून आले, पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा एकट्यानंच शिकले. म्हणायचे, “मशीन काय आनि म्हस काय, सारखंच. मागनं जायचं न्हाय. म्होरनं जाऊन हात फिरवायचा.” आता सगळ्या वायरी असतात मागच्या बाजूला, पण हे त्यांना कोण सांगणार!

खोलीत एसीचा गारठा, म्हणून खांद्यावर कायम लाल काठाचा मोठा रुमाल. तो कानाला गुंडाळायचा, त्यानंच कीबोर्ड पुसायचा, त्यानंच घाम पुसायचा. “अण्णा, तो रुमाल धुता तरी का कधी?” असं मी विचारलं की म्हणत, “रोज. तुमचा संशय धुवायचा तेवढा ऱ्हायलाय.” दुसरी गोष्ट जेवणाची. सूर्य बुडायच्या आत डबा खाऊन हात धुतलेले पाहिजेत. एकदा मोठ्या गिऱ्हाइकाचे कागद अडकले, सर्व्हर बसला, साहेब येरझारा घालताहेत, आणि अण्णांनी साडेपाचला शांतपणे डबा उघडला. साहेब तडकले. अण्णा म्हणाले, “साहेब, सर्व्हर थांबलाय. सूर्य थांबतोय व्हय?” वीस मिनिटांत जेवले आणि पुढच्या दहा मिनिटांत सर्व्हर उठवला. त्यानंतर साहेबांनी त्यांना जेवणावरून कधी टोकलं नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आले की एकवेळ जेवण, ते पण फिकं. त्या दहा दिवसांत ऑफिसच्या कामाखेरीज स्क्रीनकडं डोळा वर करून बघायचे नाहीत. “डोळ्यालाबी उपास लागतोय की,” म्हणायचे.

व्हीपीएन म्हणजे काय हे मला अण्णांनी ह्या रुमालावर शिकवलं. झालं काय, आमच्या विक्री विभागातल्या प्रकाशनं फोनवर फुकटातलं एक व्हीपीएन घातलं आणि सगळ्या ऑफिसभर मिरवायला लागला. “नाद खुळा काम झालंय अण्णा! मी आता गायब. आयपी ॲड्रेस लपला. बायकोला काय, सरकारलाबी सापडत न्हाय.”

अण्णांनी त्याला चहाच्या टेबलाजवळ उभं केलं. मला म्हणाले, “अक्का, तुम्ही साईट. हितं हुबं ऱ्हावा.” आणि स्वतः मध्ये उभे राहिले. “मी दलाल. पैलं मला हे सांग परकाश, आयपी म्हंजे काय?”

“आपला पत्ता.”

“पत्ता न्हवं. जनावराच्या कानात बिल्ला असतोय का न्हाय, तसला नंबर. त्याच्यावरनं गोठा कळतोय, म्हशीचा सोभाव कळत न्हाय. आनि कवाकवा गोठाबी शेजारचाच निघतोय. आपली लाईन कोल्लापूरची, पर कंपनीचं मोठं मशीन पुण्यात, तर बाहेरच्याला पुणं दिसतंय.”

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला. जनावरांच्या बाजारात पूर्वी भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. सगळा बाजार भोवती उभा, पण काय ठरलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक. अण्णांनी प्रकाशचा हात रुमालाखाली घेतला आणि दुसरा हात माझ्यापुढं केला. “अक्का, तुमास्नी कुणाचा हात दिसतोय?”

“तुमचा.”

“झालं. साईटला दलालाचाच नंबर दिसणार. दलाल जर्मनीत असला तर जर्मनी, हॉलंडात असला तर हॉलंड. आनि भोवतीचा बघ्या म्हंजे आपली इंटरनेट कंपनी. तिला दिसतंय की परकाश रुमालात हात घालून हुबा हाय. भाव काय चाललाय ते दिसत न्हाय.”

“म्हंजे मी गायबच की!” प्रकाश म्हणाला.

“थांब की जरा. तुझा हात कुणाच्या हातात हाय? माझ्या! तुझी अंगठी, तुझं चामखीळ, तुझा घाम, समदं मला कळतंय. दलाल सरळ असला तर ठीक. फुकटचा दलाल दोन्हीकडनं खातोय, हे आमचा बा सांगायचा. आनि रुमालात हात घालून तोंडानं वरडलास, मी परकाश, उद्यमनगरचा! मग रुमाल काय करणार? आपल्या खात्यात नाव टाकून शिरायचं आनि म्हणायचं मी गायब!”

प्रकाशनं तिथंच ते फुकटचं काढून टाकलं. अण्णा रुमाल झटकत म्हणाले, “आमची पद्मा शाळेत घालायच्या आदी ही बोटं शिकली. लाडू किती पायजेत ते रुमालाखालीच ठरायचं. दोन म्हणून आईला सांगायचं आनि आत चार ठरायचे.” बोलता बोलता रुमाल खांद्यावर टाकला आणि खोलीत गेले. पद्मा त्यांची एकुलती एक लेक, एवढं मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं आणि तेव्हापासून तिचं नाव अण्णांच्या तोंडात नव्हतं, हेही माहीत होतं. बाकी काही विचारायची सोय नव्हती.

नंतर एकदा मी लवकर आले. साडेनऊ वाजले असतील. अण्णा खोलीत स्वतःचा लॅपटॉप उघडून बसले होते. ऑफिसच्या मशीनवर घरचं काम करायचं नाही हा त्यांचा कडक नियम, आणि व्हीपीएनसुद्धा स्वतःच्या पैशाचं वेगळं. स्क्रीनवर एक पान, वर फोटो घेवड्याच्या उसळीचा. कोपऱ्यात व्हीपीएन चालू असल्याची खूण आणि देशाचं नाव, नेदरलँड्स.

“अण्णा, हॉलंडला कवा गेलासा?” मी म्हटलं.

दुसरा कुणी असता तर पान बंद केलं असतं. अण्णांनी खुर्ची माझ्याकडं फिरवली. “पद्मीचं हाय. नाशकात असती. तिच्या आईच्या हातचं समदं लिवून काढायलीय. कुसूम गेली तवा मला वाटलं, संपलं. तिच्या हातचं आता न्हाय मिळायचं. ही पोरगी एकेक पदार्थ मांडायलीय बगा. मोहरी किती, गूळ किती. कुसूमला इचारलं असतं तर म्हणाली असती, घाला अंदाजानं.”

“मग उघडपणे वाचा की. हॉलंड कशाला?”

“साईटवाल्याला नोंद दिसती, अक्का. कोन आलं, कुठल्या देशातनं, किती वाजता, कुठलं पान बघितलं. तिचा नवरा ह्याच लाइनीतला. तिला दिसलं की बाप बघतोय, तर?”

“तर काय होईल?”

“लिवायचं बंद करंल.” हे म्हणताना त्यांचा आवाज इतका लहान झाला की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. “माझ्यासारखीच हाय ती. अडेल. मी काय बोललोय म्हाईत हाय तुमास्नी? मटनाच्या रश्शाच्या घरात निघालीस, ह्या उंबऱ्याला परत पाय लावू नकोस. असं बोललो. पोरगा चांगला हाय, हे मला तवाबी दिसत हुतं. तरीबी बोललो. ती म्हणली, बोलवल्याबिगर येणार न्हाय. आता बोलवायचं कुणी?”

“तुम्ही! फोन करा की, एवढं काय त्यात!” मी भडकलेच. माणसं मरायला टेकली तरी आपला हेका सोडत नाहीत ह्याचा मला मनस्वी राग येतो.

“नंबर हाय, अक्का. रोज काढून बगतो. बोट जाईना.”

मी धुसफुसत माझ्या टेबलावर गेले. पण जाताना एक विचारलंच, सगळे देश सोडून हॉलंड का? अण्णा म्हणाले, “काळ्या-पांढऱ्या गाई तिथल्याच. जरा वळखीचं वाटलं.” दलालाचा मुलगा दुसरं काय निवडणार!

पुढच्याच पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. शिरोळच्या वाटा बंद झाल्या, अण्णांचं घर पाण्यात गेलं. ते जयसिंगपूरला पाव्हण्यांकडं, फोन बंद, आम्हाला काही पत्ता नाही. सहाव्या दिवशी रस्ता उघडला आणि दुसऱ्याच्या शर्टात, दाढी वाढलेले अण्णा ऑफिसात उभे राहिले. सगळे भोवती जमले. अण्णांनी “घर हाय जाग्यावर, भिंती हायत, बाकी चिखल” एवढंच सांगितलं आणि थेट माझ्या टेबलाशी आले. लॅपटॉप पाण्यात गेला होता. “अक्का, तुमचं मशीन धा मिंटं द्या.” वीस वर्षांचा नियम त्यांनी त्या दिवशी मोडला. आधी व्हीपीएन घातलं, हॉलंड निवडलं, मग पान उघडलं. मी म्हटलं, “अहो, पुरातनं आलाय, पाणी तरी प्या!” त्यांना ऐकूच गेलं नाही.

पानावर चार दिवसांपूर्वीचं नवीन लिखाण होतं. पुराच्या वेळी घर सोडताना बरोबर घ्यायचे कोरडे पदार्थ. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, आणि भडंग, लसूण न घालता. अण्णांनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि रुमाल तोंडावर धरून बसले. मी पुढं उभी राहिले, म्हणजे कुणाला दिसू नये. मला वाटलं, काय योगायोग आहे बघा. एवढं शहाणपण मिरवणारी मी, मला तेव्हा काही उमगलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी भाद्रपद आला, अण्णांचे दहा दिवस झाले. अकराव्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले, कारण त्या दिवशी अण्णा पारण्याचा लाडू आणतात. खोलीचं दार उघडं, लाडवाचा डबा टेबलावर तसाच बंद, आणि अण्णा स्क्रीनसमोर ताठ बसलेले. “अक्का, हे वाचा. मला चष्म्यातनं नीट दिसंना.” चष्म्याला काही झालं नव्हतं.

वर मथळा होता, नेदरलँडच्या वाचकांसाठी पारणं. खाली पद्मानं लिहिलं होतं ते मी मोठ्यानं वाचत गेले.

“आमच्या पानावर नेदरलँडहून येणारे वाचक एकच आहेत. तीन वर्षं झाली, ते रोज आपल्या घड्याळात साडेनऊला येतात. तिथं तेव्हा पहाटेचे पाच-सहा वाजलेले असतात. इतक्या सकाळी घेवड्याची उसळ वाचणारा माणूस कोण, म्हणून आम्ही दोघं आधी हसायचो. मग लक्षात आलं, ते सासरकडच्या कांद्यालसणाच्या पानावर कधी थांबत नाहीत. सूर्य बुडाल्यावर कधी येत नाहीत. तिथला नव्हे, आपला सूर्य. भाद्रपदात बरोबर दहा दिवस येत नाहीत. पुराच्या वर्षी पाच दिवस आले नाहीत, तेव्हा मी एक घास नीट खाल्ला नाही. शिरोळला लावले ते सगळे फोन बंद होते. म्हणून भडंग लिहून ठेवलं, जणू ते पोचणारच होतं. सहाव्या दिवशी नोंदीत नेदरलँड दिसलं आणि मी देवापुढं दिवा लावला. ते आले की माझा दिवस सुरू होतो.”

माझा आवाज इथं फुटला, मी तिखट तोंडाची असले म्हणून काय झालं. खाली कृती होती. मुगाची डाळ मऊ शिजवावी, वर तूप. तिखट घालू नये, त्यांना पित्त होतं. लाडवाचा गूळ शिरोळचा घ्यावा, नाशिकचा चालेल, पण त्यांना लगेच कळेल.

“तीन वर्सं,” अण्णा म्हणाले. “तीन वर्सं तिला म्हाईत हाय, आनि पोरीनं लिवायचं थांबवलं न्हाय.”

“तुमचं व्हीपीएन फुकट गेलं की हो, अण्णा.” मी डोळे पुसत म्हटलं.

“न्हाय! रुमाल कुठं फाटला न्हाय. नंबर तिला आजबी हॉलंडचाच दिसतोय. बोटं वळखली तिनं.” त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, तो रुमालाचा की लेकीचा हे विचारायला नको होतं. मग एकदम हात पुढं करून त्यांनी व्हीपीएन बंद केलं आणि पान परत उघडलं. “जाऊ दे आता आमचाच नंबर.”

आणि लगेच कपाळावर हात मारला. “आयला! आता तिला पुणं दिसणार. म्हणंल, हॉलंडचं गेलं आनि पुण्याचं कोन आलं?”

“मग आता तरी तोंडानं सांगा!” मी टेबलावर हात आपटला. “मशीन तुमचं नाव सांगणार नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? गोठा कळतो, म्हैस कळत नाही!”

अण्णा हसले. मग पानाच्या तळाला प्रतिक्रिया लिहायची चौकट असते, तिथं दोन बोटांनी टाइप करायला लागले. नेटवर्कचा माणूस, पण टायपिंग अजून दोन बोटांचंच. अर्धा तास लागला. मी बाहेर जाऊन तिघांना दारातून परत पाठवलं. शेवटी त्यांनी मला दाखवलं. “मूग मऊ झालं. गूळ शिरोळचाच हाय. महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय, शाहूपुरीच्या ऑफिसात चार वाजता कार्यक्रम हाय. जावईबापूंना घेऊन ये. जेवण उजेडात हाय. भूपाल, तुझा बाप.” मग पुन्हा एकदा वाचून त्यात भर घातली, “बोलवायलोय.”

उत्तर आलं नाही. दिवस जात राहिले, अण्णा रोज साडेनऊला हॉलंडशिवाय पान उघडत, चौकट बघत आणि कामाला लागत. मी चिडून म्हटलं, “बाप तसा बेटा!” तर म्हणाले, “लेक. आनि मी पाच वर्सं लावली, तिला पंधरा दिवस लागंनात व्हय?”

कार्यक्रमाच्या दिवशी ऑफिसचं मोठं टेबल बाजूला सारलं होतं. शाल, श्रीफळ, प्रकाशचं लांबलचक भाषण. अण्णा खुर्चीत बसून सारखे जिन्याकडं बघत होते आणि मी सारखी अण्णांकडं. पाच वाजत आले. साहेब श्रीफळ द्यायला उठले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई उभी राहिली, अण्णांचंच नाक, अण्णांचीच ती ताठ मान. मागं एक उंच तरुण, हातात स्टीलचा डबा. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

अण्णा उठले. बाजारात सगळ्यांदेखत बोलायची त्यांच्या घराण्याला सवयच नव्हती. ते चालत दारापर्यंत गेले. खांद्यावरचा लाल काठाचा रुमाल काढला, उजव्या हातावर टाकला आणि तो हात उंबऱ्यापलीकडं धरला.

पद्मानं आपला हात रुमालाखाली घातला. कापड हललं, थांबलं, पुन्हा हललं. ती एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि आत आली.

साहेबांना राहवेना. “अण्णा, काय ठरलं?”

“दलालाच्या पोराला इचारायलासा व्हय साहेब?” अण्णा म्हणाले. “रुमालाखालचं सांगत न्हाईत. चला, ताटं मांडा, सूर्य थांबायचा न्हाय.” आणि जावयाच्या हातातला डबा त्यांनी स्वतः घेतला.

जेवणं उरकल्यावर मी खिडकीत उभी राहिले. खाली शाहूपुरीचा संध्याकाळचा गलका, दुकानांचे दिवे अजून लागायचे होते. त्या गर्दीतून तिघं शिरोळच्या गाडीकडं निघाले होते. जावई श्रीफळ, शाल आणि रिकामा डबा सांभाळत पुढं. मागं बापलेक, काही न बोलता, शेजारी शेजारी. रुमाल अजून दोघांच्या हातांवर होता आणि त्याच्याखाली काहीतरी चाललेलं होतं.